घरची भाजणी बाजारात आणताना वाटणारी भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडची. गेली नऊ वर्षं थालीपिठाची, चकलीची आणि उपासाची भाजणी करून विकते. बचत गटाच्या बैठकीत, प्रदर्शनातल्या गाळ्यावर, फोनवर बायका मला जे विचारतात (हल्ली पुरुषही बरेच विचारतात) ते इथे एकत्र लिहिलं आहे. पदार्थ कसा करायचा हे सहसा कुणी विचारत नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. विचारतात ते भीतीबद्दल. नुसतं "भीती वाटते" म्हणत राहिलं की ती तशीच बसून राहते. कशाची वाटते ते नेमकं सांगायला लावलं, की बहुतेक वेळा मागे एखादं राहिलेलं काम सापडतं. माल किती दिवस टिकतो ते तपासलेलं नसतं, हिशेब मांडलेला नसतो, कागद केलेला नसतो. म्हणून खालच्या उत्तरांत कामंच जास्त सांगितली आहेत.

सगळे म्हणतात "तुझ्या हाताला चव आहे, विकायला काढ". तरी मन धजत नाही. असं का?

कारण तुम्हाला आतून कळत असतं की कौतुक करणाऱ्याने अजून खिशात हात घातलेला नाही. ते ओळखता येणं चांगलंच आहे.

माझं सांगते. पहिल्या दिवशी कापडी पिशवीत अर्ध्या किलोची बारा पाकिटं घेऊन मी बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानापुढून दोनदा गेले आणि दोनदा तशीच पुढे निघून आले. तिसऱ्यांदा आत गेले, कारण दुकानदारानेच "काय पाहिजे?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "घ्यायचं नाही, द्यायचंय." त्यांनी एक पाकीट फोडलं, चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं आणि एकच प्रश्न केला, "दळण कधीचं?" मी तारीख सांगितली. ते म्हणाले, "हे पाकिटावर लिहून आणा, मग ठेवतो."

घरून निघताना मला वाटत होतं की ते किंमत विचारतील, मोठ्या कंपन्यांची नावं घेतील, मला हसतील. त्यांना फक्त तारीख हवी होती. दुसऱ्या दिवशी तारखेचा शिक्का मारून तीच पाकिटं घेऊन गेले आणि त्यांनी ठेवून घेतली. ज्या गोष्टींची भीती घेऊन आपण जातो त्या समोरच्याच्या मनातही नसतात, आणि त्याला हवं असलेलं एखादं साधं काम आपण केलेलं नसतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

माल खरंच चांगला आहे की लोक तोंडदेखलं बोलतात, हे कसं ओळखायचं?

"कशी झाली होती?" हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे त्याचं उत्तर "छान" एवढंच असतं. समोरच्याला दुसरं काही म्हणायला अवघड जातं.

त्याऐवजी वीस घरं निवडा. त्यातली निदान दहा तरी नात्यातली किंवा गल्लीतली नसावीत. प्रत्येक घरी पाव किलोचं पाकीट द्या, आणि पैसे घ्या. हवे तर निम्मे घ्या, पण घ्याच. पंधरा दिवसांनी फोन करून तीनच गोष्टी विचारा: पाकीट संपलं का, घरात कुणी खाल्लं आणि परत हवं आहे का. वहीत लिहा. वीसपैकी किती घरांनी पुन्हा पैसे देऊन घेतलं तो आकडा खरा. माझ्या पहिल्या खेपेला सहा घरांनी घेतलं होतं. मी खट्टू झाले. मग न घेतलेल्या चौदा जणींशी बोलले, तर नऊ जणी म्हणाल्या की थालीपीठ थापताना तुटतं. चवीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. ज्वारी आणि बाजरी थोडी कमी करून उडीद आणि गहू वाढवले. पुढच्या खेपेला बारा घरांनी घेतलं.

बाजारात इतकं सगळं असताना लोक नव्या माणसाचा माल घेतीलच कशाला?

लगेच घेणार नाहीत, हे धरून चाला. कराडहून मिरजेकडे जाणारी गाडी किर्लोस्करवाडीवरून जाते. तिथून जाताना मला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराची आठवण होते. त्यांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. वस्तू चांगली होती, गरजेचीही होती, पण विकत घेणाऱ्याच्या मनातली शंका दूर व्हायला तेवढा वेळ गेला. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर त्यांचा कारखाना आणि वसाहत उभी राहिली.

ही गोष्ट मी सांगते ती शेतकऱ्यांना नावं ठेवायला नाही. ज्याचं वर्षाचं पोट एका जमिनीवर आहे तो सावधच असणार. तुमच्या गिऱ्हाइकाच्या मनात काय शंका आहे ती शोधा. तयार भाजणीबद्दलच्या शंका ठरलेल्या असतात: धान्य धुऊन, निवडून घेतलं असेल का, शिळी असेल का, स्वस्त पडावी म्हणून तांदूळच जास्त घातला असेल का. मी गाळ्यावर भाजलेल्या सगळ्या धान्यांच्या छोट्या वाट्या मांडून ठेवते. लोक त्यात हात घालतात, एखादा दाणा चावून बघतात. त्यानंतर मला फारसं बोलावं लागत नाही.

कायद्याची फार धास्ती वाटते. छापा पडला, दंड झाला तर?

ही धास्ती एका दुपारच्या कामात निम्मी होते. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच, मग तुम्ही स्वयंपाकघरात करत असा नाहीतर कारखान्यात. 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरत होती आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. मर्यादा आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, तेव्हा भरताना पोर्टलवर बघून घ्या. १४ आकडी क्रमांक मिळतो तो पाकिटावर छापायचा. अधिकारी पाहणीला आले तर काय बघतात? पाणी कुठलं, साठवण जमिनीपासून वर आहे का, झुरळं-उंदरांचा बंदोबस्त काय, डोक्याला टोपी घालता का. हे सगळं त्यांनी न सांगताही करायचंच आहे.

जीएसटीचं विचाराल तर, राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर विकायचं झालं तर नियम वेगळा, त्यासाठी एकदा सीएकडे जाऊन या. 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते, ती करून टाका. कुणी तिचे हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका.

एक गोष्ट मात्र बहुतेक जणी विसरतात, ती म्हणजे वजनकाटा. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. पाकिटात अर्धा किलो लिहून ४८० ग्रॅम निघालं तर ती फसवणूक ठरते, तुमच्या मनात ती असो वा नसो.

लेबलवर काय लिहायचं? चुकलं तर?

पदार्थाचं नाव, घटक (वजनाने सगळ्यांत जास्त असलेला आधी), निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, त्यामुळे तिच्यावर ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) असल्याची सूचनाही हवी. छापायला टाकण्याआधी लेबल एखाद्या जाणकाराला दाखवा आणि पहिल्या वेळी दोनशेच छापा. दोन हजार छापले की स्वस्त पडतात, पण एक ओळ चुकली की सगळे रद्दीत जातात.

आणि "मधुमेहावर गुणकारी", "वजन घटवते" असलं काही लिहू नका. कायद्यात बसत नाही हे तर झालंच, पण कुणी त्या भरवशावर गोळ्या बंद केल्या तर? "शुद्ध", "नैसर्गिक", "घरगुती" हे शब्द छापण्यावरही बंधनं आहेत.

माल खराब निघाला, कुणाला त्रास झाला तर? या विचाराने हातपाय गळतात.

ही भीती मला सगळ्यांत रास्त वाटते. ती कधी पूर्ण जाऊही नये.

भाजणी बिघडते ती तीन वाटांनी. गरम असताना पाकिटात भरली की वाफ आत अडकते, गुठळ्या होतात, मग बुरशी. डाळी नीट भाजल्या गेल्या नाहीत किंवा तीळ जास्त झाले की खवटपणा येतो. आणि धान्यातच किडीची अंडी असतील, किंवा गिरणीत आधीच्या दळणाचं पीठ राहिलं असेल, तर महिनाभरात आत जाळं दिसतं. त्यामुळे धान्य धुऊन कडक उन्हात वाळवणं, एकेक धान्य वेगळं भाजणं (प्रत्येकाचा वेळ वेगळा, सगळं एकत्र भाजलं की तांदूळ कच्चा राहतो आणि जिरं करपतं), पूर्ण गार झाल्यावर दळणं आणि दळून आणलेलं पीठ रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवून दुसऱ्या दिवशी भरणं. गिरणीतून येणारं पहिलं दोन किलो पीठ मी बाजूला काढते, विकत नाही. उपासाच्या भाजणीचं दळण तर गिरणी झाडून, आधी थोडा साबुदाणा दळून मगच घालते. एकादशीला ते पीठ खाणारा माणूस आपल्या शब्दावर खातो, त्यात गव्हाचा कणही जाता कामा नये.

किती दिवस टिकते ते असं तपासा. एकाच बॅचची बारा पाकिटं बाजूला ठेवा. सहा थंड, कोरड्या जागी आणि सहा गॅसजवळच्या फळीवर, कारण गिऱ्हाईक तिथेच ठेवणार आहे. दर महिन्याला दोन्हीकडचं एकेक फोडा, वास घ्या, थालीपीठ लावून खा, वहीत लिहा. माझी फळीवरची पाकिटं पाचव्या महिन्यापर्यंत चांगली होती. मी लेबलवर तीन महिने लिहिले. शिवाय एक नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घेतला. पैसे गेले, पण तो कागद हातात आल्यावर मला शांत झोप लागली.

किंमत सांगताना जीभ अडखळते. पैसे मागायला लाज वाटते.

ही लाज आपल्यात खोलवर मुरलेली असते. खाऊ घालायचं ते प्रेमाने, त्याचे पैसे कसले घ्यायचे, असं लहानपणापासून ऐकलेलं. मलाही पहिलं वर्षभर किंमत सांगताना खाली बघायची सवय होती. हिशेब कागदावर मांडल्यावर ती सुटली. माझ्या वहीतलं एक जुनं पान देते, एका किलोचं. तुमचे दर वेगळे असतील.

धान्य, डाळी, मसाला, भाजण्या-दळण्यातली घट धरून १०५ रुपये. गॅस ८. दळणावळ १२. अर्ध्या किलोची दोन पाकिटं आणि लेबलं १४. माझी मजुरी ४०. ने-आण ६. नमुने आणि वाया जाणारं ५. बेरीज १९०, म्हणजे अर्ध्या किलोचं पाकीट मला ९५ रुपयांना पडलं. छापील किंमत १४०. दुकानदाराला त्यातले वीस टक्के, म्हणजे २८. माझ्या हातात ११२. राहिले १७ रुपये, आणि न खपलेला माल परत आला तर तो यातूनच भरून काढायचा.

आता या यादीतली "माझी मजुरी" ही ओळ पुसून बघा. बहुतेक जणी ती लिहीतच नाहीत. मग १०० रुपयाला पाकीट विकून "किलोमागे पन्नास सुटले" असं वाटतं, आणि दोन वर्षांनी पाठ धरते तेव्हा हातात काही नसतं. जिला पैसे मागायची लाज वाटते तिला मी हेच पान दाखवते. ही किंमत आपण मनाला येईल तशी लावलेली नाही, बेरीज करून काढलेली आहे, हे एकदा पटलं की सांगताना मान वर राहते.

आणि "सगळ्यांत स्वस्त" म्हणून तर मुळीच विकू नका. मार्च २००९ मध्ये टाटांची नॅनो आली ती लाख रुपयांची गाडी म्हणून. पुढे रतन टाटांनी स्वतः सांगितलं की सर्वांत स्वस्त गाडी अशी तिची ओळख करून देणं ही चूक झाली. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. दारात उभी असलेली गाडी "स्वस्तातली" म्हणून ओळखली जावी असं कुणालाच वाटत नाही. पाहुण्यांच्या ताटात वाढायच्या पदार्थाचंही तसंच आहे.

नातेवाईक म्हणतात, "वहिनी, आम्हाला काय पैसे लावणार?"

दिवाळीला प्रत्येक घरी एक पाकीट माझ्याकडून भेट, हे मी ठरवून टाकलं आहे. ते खर्चात धरते. बाकी वर्षभर "घरच्यांना पाच रुपये कमी" एवढंच हसून सांगते. एकदा सांगावं लागतं, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

दुकानदार म्हणतो, "जाकडीवर ठेवून जा, विकला तर पैसे देतो." ठेवू का?

पहिल्या खेपेला ठेवा. तो तरी अनोळखी मालासाठी फळी का अडवेल? पण आकडा मर्यादित ठेवा. एका दुकानात दहापेक्षा जास्त पाकिटं नकोत, चलनावर सही घ्या आणि पंधराव्या दिवशी स्वतः जा. गेल्यावर आधी फळी बघा, मग पैसे विचारा. पाकिटं खालच्या कप्प्यात साबणाशेजारी गेली असतील तर भाजणीला साबणाचा वास लागतो. ती तिथून हलवायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

खरा त्रास तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतो. माल खपतो आणि पैसे "पुढच्या फेरीला". एका दुकानाकडे माझे सात हजार रुपये आठ महिने अडकले होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत असा कायदा आहे, उद्यम नोंदणी असेल तर तक्रारही करता येते. पण गल्लीतल्या दुकानाशी कुणी कज्जा करायला जात नाही. मी नियम केला: आधीच्या मालाचे पैसे आल्याशिवाय नवा माल नाही. दोन दुकानं सुटली. त्यांची मला हळहळ वाटली, पण तो नियम आजही मोडलेला नाही.

तक्रार आली, नाव खराब झालं तर सावरणार कसं?

माझ्या तिसऱ्या दिवाळीची गोष्ट सांगते. साठ किलो चकलीची भाजणी गेली होती. वसुबारसेला सकाळी पहिला फोन: "ताई, चकल्या तेलात विरघळताहेत." संध्याकाळपर्यंत चार आणि दुसऱ्या दिवशी मिळून अकरा. एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कढईचा फोटो फिरत होता, तेलात तळाशी नुसता चुरा. माझ्या पोटात कालवलं. फोन बंद करून ठेवावा असं वाटलं.

तसं केलं नाही, एवढंच मी त्या दिवशी बरोबर केलं. जिने फोटो टाकला होता तिच्या घरी गेले. म्हटलं, "माझ्यासमोर परत करा, मी फक्त बघते." तिने अर्धा किलो भाजणी परातीत घेतली, त्यावर मोठी वाटी भरून कडकडीत तेल ओतलं आणि गार पाण्याने पीठ भिजवलं. माझ्या भाजणीला उकड काढावी लागते. एक वाटी भाजणीला जेमतेम एक वाटी पाणी, त्यात एक मोठा चमचा मोहन, तिखट, मीठ, तीळ, ओवा. उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घालायची आणि झाकून ठेवायची, मग कोमट असताना मळायची. मोहन जास्त झालं की चकली तेलात सुटते. हे मी घरून नेणाऱ्या प्रत्येकीला तोंडी सांगत होते. दुकानातून पाकीट घेणाऱ्या बाईला कोण सांगणार? पाकिटावर कृतीची एक ओळ नव्हती. चूक तिची नव्हती, माझी होती.

तिच्याच ओट्यापाशी उभं राहून दुसऱ्या पिठाच्या चकल्या केल्या. खुसखुशीत झाल्या. तिने त्या कढईचा फोटो त्याच ग्रुपवर टाकला. तिला तसं कर म्हणून मी सांगितलं नव्हतं.

अकरापैकी आठ तक्रारी अशा निघाल्या. उरलेल्या तिघींनी मात्र उकड नीट काढली होती. त्यांची पाकिटं परत आणून पीठ चोळून पाहिलं तर भरड लागलं. गिरणीच्या दगडाला टाकी लावून तो खरखरीत करायचा राहिला होता आणि घाईत मी ते दळण चाळणीतून घातलं नव्हतं. त्या बॅचची सगळी पाकिटं परत मागवली, अकराही जणींना पैसे दिले, वर नवीन भाजणी दिली. त्या दिवाळीला हातात काहीच उरलं नाही. पुढच्या वर्षी त्या अकरापैकी नऊ जणींनी पुन्हा माझीच भाजणी घेतली. आज पाकिटाच्या मागच्या बाजूला कृती आहे, आणि बॅच क्रमांकामुळे कुठलं दळण कुणाकडे गेलं ते पाच मिनिटांत सापडतं.

तक्रार आली की आधी बॅच क्रमांक विचारा, मग "तुम्ही नेमकं कसं केलंत ते सांगता का?" हे विचारा, तेही शांतपणे, आरोप वाटेल असं नाही. आणि पैसे परत देताना घासाघीस करू नका.

पावसाळ्यात धान्य वाळत नाही, धंदा बंद पडेल अशी भीती वाटते.

लिज्जतलाही याच अडचणीतून जावं लागलं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आणि पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, खाली पेटता स्टोव्ह. वर्षभराची पहिली विक्री ६,१९६ रुपये होती. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

आमच्याकडे मे महिन्यातच आषाढ-श्रावणापुरतं धान्य धुऊन, वाळवून हवाबंद डब्यांत भरून ठेवतो. भाजणं-दळणं मात्र मागणी येईल तसं. श्रावणात उपासाच्या भाजणीला मागणी सगळ्यांत जास्त असते, तेव्हा बंद ठेवून चालत नाही.

कुणी माझी नक्कल केली तर?

करतीलच. भाजणीचं प्रमाण तुमच्या आजीचं असलं तरी दुसरीलाही आजी होती. नाव मात्र राखता येतं. ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो, मी केला तेव्हा एकट्या व्यक्तीसाठी शुल्क ४,५०० रुपये होतं, नोंदणी दहा वर्षं चालते. नाव ठरवतानाच तेच किंवा तसंच नाव आधी कुणी घेतलं आहे का ते शोधून घ्या.

कर्ज काढून सुरुवात करू का?

पहिली शंभर पाकिटं कर्जाशिवाय करा. घरची कढई, गल्लीतली गिरणी आणि पाकिटं सील करायचं एक हातयंत्र एवढ्यात होतं. पुन्हा-पुन्हा घेणारी पन्नासेक घरं झाली आणि हात पुरेनासे झाले, की मग यंत्राचा विचार. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली. त्यात बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान होतं. सध्या ती कशी चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठं यंत्र घेऊ नका. हप्ता दर महिन्याला येतो आणि चकलीची भाजणी मात्र दिवाळीतच खपते.

नोकरी सोडून उतरू?

आत्ता नको. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक दिवाळी, दोन्ही सांभाळून बघा.

रात्ररात्र झोप लागत नाही, छातीत धडधडतं. हे सगळ्यांनाच होतं का?

माल बाहेर पडण्याच्या आदल्या दोन-तीन रात्री होतं, मलाही अजून होतं. उठून वही काढते आणि डोक्यात फिरतंय ते लिहून ठेवते. बहुतेक वेळा ती उद्याच्या कामांची यादीच निघते.

पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सतत रडू येतं असं असेल तर तो धंद्याचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलता येतं. माझ्या ओळखीतल्या एकीने फोन केला आणि तिला खरोखर उपयोग झाला, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

आणि नाहीच चाललं तर? कधी थांबायचं?

हे सुरू करण्याआधीच वहीत लिहून ठेवा: किती पैसे, किती महिने. तेव्हा डोकं शांत असतं. माझं मेतकूट चाललं नाही. मला स्वतःला ते अतिशय आवडतं, मऊ भात, तूप आणि मेतकूट यावर मी वाढले. आठ हजार रुपये आणि आठ महिने असं ठरवलं होतं. आठव्या महिन्यात वही उघडली तर पुन्हा घेणारी घरं चार, आणि चारही घरांत सत्तरीच्या पुढची माणसं. तरुण घरांतून एकही नाही. दुकानातून पाकिटं परत आणताना डोळ्यांत पाणी आलं, ते लपवत नाही. पण पैसे बुडाले ते ठरवलेलेच, त्याच्यावर एक रुपया नाही, त्यामुळे भाजणीला धक्का लागला नाही. त्या चार घरांसाठी मी आजही महिन्याला दोन किलो मेतकूट करते. आता तीन घरं राहिली आहेत.

पहिल्या दिवशी दुकानात किती पाकिटं न्यावीत?

दहा. आणि एक जास्तीचं, फोडून दाखवायला.